पेन्सिलीचे ठिपके

सूर्य सव्वीस नोव्हेंबरला गेला.
जाताना काही बोलला नाही, नेहमीसारखाच.
आता थेट जानेवारीच्या मध्यात.

त्याच मंगळवारी उत्स्योकीत लायब्ररीची बस आली,
आमच्या पेट्रोलपंपामागं उभी राहिली, इंजिन चालूच ठेवून;
बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.
मी सात पुस्तकं उचलली.
चार खुनांची, तीन ड्रॅगन-चेटकिणींची.
सिर्कू म्हणाली, "हिल्का, एवढी?"
म्हटलं, रात्र केवढी आहे ते बघ की.

रात्रपाळीला गिऱ्हाईक म्हणजे दोन ट्रकवाले,
एक बर्फ उपसणारा,
कधीमधी दारापर्यंत आलेलं रेनडिअर, ते काही विकत घेत नाही.
पाय हीटरवर, मांडीवर पुस्तक.

आधी एक राज्य बुडालं.
तीन मुलगे, एक मुकुट, आणि अशी एक नदी
जी खोटं बोलणाऱ्याला पलीकडं जाऊ देत नाही.
मी खिडकीतून आमच्या नदीकडं पाहिलं.
गोठलीये. तिच्यावरून कुणीही जातं.
त्या पुस्तकातला नकाशा मात्र आवडला:
उत्तरेला डोंगरांच्या चार रेघा,
खाली बारीक अक्षरांत, 'इथून पुढं कुणी राहत नाही'.
मी तिथंच राहते. भाडं भरते.

मग पहिला खून.
पान एक्केचाळीसवर, पियानो जुळवायला येणाऱ्या माणसाच्या नावाखाली
पेन्सिलीचा एक ठिपका.
शेवटी खुनी तोच निघाला.
दुसऱ्या पुस्तकात विधवेच्या मावशीखाली ठिपका, पान तीस.
मावशीच.
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी वाचतंय
आणि माझ्याआधी ओळखतंय.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात;
या महिन्यात इथं दुसरा उजेडही नाही.

मी संशयितांची यादी केली, पावतीच्या पाठीवर.
सिर्कू: खून वाचला की तिला झोप लागत नाही.
शाळेतला वेइक्को: तो शाईनं लिहितो, व्याकरण सुधारतो.
तिसरं नाव लिहायला वेळ लागला.

ठिपका गोल नव्हता, जरा चपटा होता.
सुताराची पेन्सिल चपटी असते.
पानांना डांबराचा वास होता.

ओइवा. शेजारचं घर.
नऊ वर्षं अबोला.
बोटीचं एक इंजिन, त्यावरून बोललेली तीन वाक्यं.
इंजिन केव्हाच गंजलं.
वाक्यं नाही.

चौथ्या खुनात त्यानं बहिणीखाली ठिपका दिला होता
आणि बहीण निर्दोष!
मी काउंटरमागं एकटीच मोठ्यानं हसले,
ट्रकवाल्यानं कॉफी सांडली.
मग पंपाच्या बॉलपेननं, नियम मोडून,
पान एकशे बारावर डॉक्टरच्या नावाखाली
माझा ठिपका दिला.
पुढच्या बसला पुस्तक परत केलं, सिर्कूला म्हटलं,
हे ओइवाच्या पिशवीत टाक.
तो म्हणेल, वाचलंय. तरी टाक.
तिनं काही विचारलं नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला कळलं असणार,
पण उणे एकतीसमध्ये पाणी मुरायला जागा कुठं असते.

तीस डिसेंबर, पहाटेचे तीन (पहाट आपली म्हणायची).
त्याची गाडी आली. डिझेल भरलं.
आत येऊन पैसे ठेवले, टोपी काढली नाही.
"एकशे बारा," तो म्हणाला. "कशावरून?"
"हातमोजे," मी म्हटलं.
"जुलैत हातमोजे कोण घालतं?"
तो बराच वेळ हीटरकडं बघत राहिला.
"हां," म्हणाला.
सुटे पैसे न घेताच गेला.

सातवं पुस्तक अर्धं राहिलंय.
डोंगराखाली ड्रॅगन झोपलाय, जागा होईल की नाही माहीत नाही.
परत करायची तारीख उलटून गेली.
पानं कोरी आहेत, कुणाचाच ठिपका नाही;
ओइवा ड्रॅगन वाचत नाही.

मी ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधतेय.